मलम लागू पडलं की सीबीडी? योनिमुखाच्या वेदनेवरच्या एका चाचणीची आखणी

परिस्थिती

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात योनिमुखाच्या वेदनांसाठी वेगळं क्लिनिक आहे, असं धरू. तिथे येणाऱ्या बऱ्याच जणी डॉक्टरांशी बोलण्याआधीच दुकानातून सीबीडीचं तेल, लुब्रिकंट किंवा योनीत ठेवायची गोळी आणून वापरून बघतात. काहींना उतार पडतो. त्या तसं सांगतात, आणि ऐकणाऱ्या पुढच्या दोघी तेच विकत घेतात. क्लिनिकला आता याची रीतसर चाचणी घ्यायची आहे. क्लिनिक काल्पनिक आहे. पुढे ज्या अभ्यासांचे आकडे येतात ते अभ्यास खरे आहेत.

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, भांगेच्या झाडातला नशा न आणणारा घटक. त्याची रासायनिक रचना १९६३ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम यांच्या गटाने उलगडली. औषध म्हणून त्याला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली ती जून २०१८ मध्ये, तीही लहान मुलांच्या दोन दुर्मीळ आणि हट्टी अपस्मारांवर. वेदनेवर अशी मान्यता नाही. संभोगातल्या वेदनेवर तर मुख्यतः सर्वेक्षणंच हाताशी आहेत. व्हल्व्होडायनिया (योनिमुखाची दीर्घकाळची, उघड कारण नसलेली वेदना) असलेल्या आणि भांगजन्य पदार्थ वापरणाऱ्या ३८ जणींचं एक सर्वेक्षण २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वापरणाऱ्यांनी फायदा सांगितला. पण ज्यांना गुण आला नाही त्या वापर सोडून देतात आणि अशा सर्वेक्षणात येतच नाहीत, त्यामुळे त्या उत्तरांवर फार भार टाकता येत नाही.

रोचेस्टरचा दाखला

या क्लिनिकने पहिला कागद काढावा तो रोचेस्टर विद्यापीठाच्या २०१० सालच्या चाचणीचा. व्हल्व्होडायनिया असलेल्या १३३ जणींचे चार गट केले होते: लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं मलम, पोटात घ्यायचं डेसिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध, दोन्ही एकत्र, आणि दोन्ही खोटी. औषधं १२ आठवडे चालली. टॅम्पॉन चाचणीत (टॅम्पॉन घालून काढताना किती दुखतं ते मोजणं) वेदना लिडोकेनने २० टक्के उतरली, डेसिप्रामिनने २४ टक्के, दोन्ही मिळून ३६ टक्के. आणि निव्वळ प्लासिबोने ३३ टक्के.

म्हणजे काहीच औषधी नसलेलं मलम आणि गोळी घेऊन एकतृतीयांश वेदना गेली. याच आजारावर गॅबापेंटिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या औषधाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ८९ जणींना आळीपाळीने खरी आणि खोटी गोळी दिली होती. टॅम्पॉन चाचणीतली सरासरी वेदना गॅबापेंटिनवर ४.० आणि प्लासिबोवर ४.३ निघाली. फरक मोजण्यापुरताच, उपयोगाचा नाही.

सीबीडीच्या बाबतीत ही अडचण वाढते, कारण त्याचा बोलबाला आधीच झालेला आहे. वेदनेवरच्या भांगजन्य औषधांच्या २० चाचण्या आणि १,४५९ रुग्ण एकत्र करून २०२२ मध्ये एक विश्लेषण आलं. प्लासिबो गटातही वेदना लक्षणीय कमी झाल्याचं त्यात दिसलं, आणि माध्यमांतल्या बातम्यांचा सूर निकाल काहीही असला तरी आशावादीच होता. रुग्ण त्या बातम्या वाचूनच क्लिनिकमध्ये येतात. म्हणून तुलनागट नसलेला सीबीडीचा अभ्यास या आजारात करूच नये. त्यातून आकडा येईल, तो चांगला दिसेल, आणि त्याचा अर्थ काहीच नसेल. हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन रुग्णालयातल्या गटाने पाळीच्या दुखण्यावर सीबीडीच्या योनीत ठेवायच्या गोळ्यांचा अभ्यास केला. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण गट चिठ्ठीने पाडलेले नव्हते. ज्यांनी गोळी वापरली त्यांना आपण काय वापरतोय ते माहीत होतं.

कोणाचं दुखणं?

संभोगात दुखण्याची कारणं डझनभर असतात आणि त्यांवर एकच औषध तपासणं म्हणजे सगळ्या तापांवर एकच गोळी तपासण्यासारखं. एंडोमेट्रिओसिसचं दुखणं आत खोल असतं. रजोनिवृत्तीनंतरचं दुखणं इस्ट्रोजेन घटल्याने त्वचा पातळ आणि कोरडी झाल्याचं असतं, आणि त्यावर ऑस्पेमिफेन (२०१३) व प्रास्टेरॉन (२०१६) ही मान्य औषधं आहेत. सीबीडीसाठी सगळ्यात तर्कशुद्ध जागा म्हणजे स्पर्शाने उठणारी योनिमुखाची वेदना, जिला डॉक्टर प्रोव्होक्ड व्हेस्टिब्युलोडायनिया म्हणतात.

कारण ऊतकात आहे. योनिमुखाची, म्हणजे आतल्या ओठांवरच्या हार्ट रेषेपासून हायमेनपर्यंतची (योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्यापर्यंतची) त्वचा पातळ आणि केराटिनविरहित, म्हणजे वरचा कठीण थर नसलेली, असते. या आजारात तिथे वेदनेचे मज्जातंतू दाटलेले आढळतात आणि त्यांवर टीआरपीव्ही१ हा मिरचीचा दाह ओळखणारा ग्राही वाढलेला असतो. सीबीडी या ग्राहीला आधी चेतवतो आणि मग बधिर करतो, असं प्रयोगशाळेत दिसतं. शिवाय तिथल्या पेशी दाह वाढवणारी रसायनं गरजेपेक्षा जास्त सोडतात. एवढ्यावरून चाचणी घ्यायला हरकत नाही. गुण येईलच असं मात्र यातलं काहीच सांगत नाही.

निवड अशी: वय १८ ते ४५, वेदना किमान ३ महिने जुनी, दुखणं प्रवेशाच्या जागीच. ओलसर कापसाची काडी घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे योनिमुखावर टेकवत जायची. बहुधा ५ आणि ७ वाजताच्या जागी सगळ्यात जास्त दुखतं. काडीने मांडीच्या आतल्या बाजूला आधी एकदा स्पर्श करून घ्यावा, म्हणजे बाई दचकल्याचा आकडा वेदनेच्या आकड्यात मिसळत नाही. मग योनीस्रावाची पीएच पट्टी, सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि यीस्टचं कल्चर. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर थांबलं तर कँडिडा (हेच ते यीस्ट) निसटते, आणि निसटलेल्या कँडिडावर तेलकट मलम चोळणं बरं नव्हे. पांढरट, सुरकुतलेली त्वचा दिसली तर लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाचा संशय धरून बायोप्सी.

संयुक्त गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या काही जणींची वेदना त्या गोळीच्या परिणामातून आलेली असते. त्यांच्यावर आधी हॉर्मोनचे उपचार करायला हवेत, म्हणून त्यांना वगळावं. इतर कोणतंही हॉर्मोन चालू असेल तर ते ३ महिन्यांत बदललेलं नसावं.

स्नायूंची तपासणी बहुतेक ठिकाणी घाईत उरकली जाते. एक बोट आत घालून पेल्विक फ्लोअरचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचा, स्नायू खाली दाबून बघावा. जिथे तो दोरीसारखा ताठ आणि दुखरा लागतो, तिथे त्वचेवरचं कोणतंही मलम अपुरं पडणार. कॅनडात २१२ जणींवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपीची आठवड्याला एक अशी १० सत्रं रात्रभर लावायच्या लिडोकेनपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. अशा स्त्रीला आधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचं; सत्रं संपून ३ महिने झाल्यावरही दुखत असेल तर चाचणीत घ्यायचं.

पोटात का नाही?

सीबीडी तोंडाने घेतलं तर रक्तात पोहोचतं ते सहा टक्क्यांच्या आसपास, आणि तुपकट जेवणाबरोबर घेतलं तर त्याच्या चार-पाच पट. एकाच बाईचा सोमवारचा डोस आणि शनिवारचा डोस सारखा राहत नाही. वेदनेवर तोंडाने सीबीडी देऊन झालेल्या चाचण्याही निराश करतात: हाताचा ऑस्टिओआर्थ्रायटिस किंवा सोरायसिसचा संधिवात असलेल्या १३६ जणांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम, फायदा शून्य, कंबरदुखीने तातडीच्या विभागात आलेल्या १०० जणांना एकदाच ४०० मिलिग्रॅम, तोच निकाल, गुडघेदुखीत रोज ६०० मिलिग्रॅम, तरीही तेच.

डोस आणखी वाढवावा तर यकृत आडवं येतं. निरोगी प्रौढांना २८ दिवस रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम देऊन केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५.६ टक्के जणांचं एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेलं. शिवाय सीबीडी यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम अडवतं. योनिमुखाच्या वेदनेवर सर्रास दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन आणि नैराश्यावरची सिटॅलोप्रॅम दोन्ही त्याच वाटेने शरीराबाहेर जातात. तेव्हा औषध जिथे दुखतं तिथेच लावायचं.

योनीत ठेवायची गोळीही नको. ती वर जाऊन विरघळते आणि दुखरी जागा असते खाली, तोंडाशी. बाजारातली बरीच उत्पादनं चुकतात ती इथे.

मलमाची कृती

दुकानातलं उत्पादन चाचणीत वापरायचं नाही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ उत्पादनांची २०१७ मध्ये तपासणी झाली, तेव्हा लेबलवरचं सीबीडीचं प्रमाण खरं निघालं ते फक्त ३१ टक्क्यांत, आणि १८ उत्पादनांत लेबलवर नसलेलं टीएचसी, म्हणजे भांगेतला नशा आणणारा घटक, सापडलं. 'फुल स्पेक्ट्रम', म्हणजे झाडातले सगळे घटक असलेला अर्कही नको: रंग हिरवट-तपकिरी, वास भांगेचा, म्हणजे कोणाला काय मिळालं ते ट्यूब उघडताच कळतं. शुद्ध स्फटिकरूप सीबीडी पांढरं असतं आणि त्याला वास जवळजवळ नसतो.

१०० ग्रॅम मलमासाठी ५ ग्रॅम सीबीडी, २० ग्रॅम एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या मेदाम्लांचं पातळ तेल) आणि ७५ ग्रॅम पांढरं व्हॅसलीन. सीबीडी ६६ अंशांच्या आसपास वितळतं. पण वितळवायची गरज नाही, कोमट तेलात ढवळलं की विरघळतं. मग मऊ केलेल्या व्हॅसलीनमध्ये थोडं थोडं मिसळायचं आणि थंड होईपर्यंत ढवळत राहायचं. ढवळणं लवकर थांबवलं तर ट्यूबच्या एका टोकाला ३ टक्के आणि दुसऱ्या टोकाला ७ टक्के अशी गत होते. प्लासिबोत सीबीडीऐवजी ५ ग्रॅम तेल जादा. मलमात पाणी नाही, त्यामुळे मलम टिकवणारी पॅराबेनसारखी रसायनं किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण या बायकांना जळजळ होते ती पुष्कळदा या रसायनांमुळेच.

गोम अशी की व्हॅसलीनमध्ये गेल्यावर सीबीडी काही आठवड्यांत पुन्हा स्फटिकरूपात बाहेर पडू शकतं, आणि स्फटिक म्हणजे दुखऱ्या त्वचेवर रेतीचे कण. दर महिन्याला एक ट्यूब फोडून मलम सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. स्फटिक दिसले तर तेलाचं प्रमाण वाढवून पुन्हा बनवायचं. उजेड आणि हवा लागली की सीबीडीचं ऑक्सिडेशन होतं, म्हणून ॲल्युमिनियमची ट्यूब, आणि ०, ३, ६ महिन्यांना प्रमाणाची तपासणी.

एका वेळी अर्धा ग्रॅम, म्हणजे २५ मिलिग्रॅम सीबीडी, दिवसातून दोनदा. ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ पुरुषाच्या बोटावर अर्धा ग्रॅम भरते, बाईच्या बोटावर ०.४ च्या जवळपास. म्हणून पेराच्या थोडं पुढे जायला सांगायचं, आणि पहिल्या भेटीत आरसा हाती देऊन नेमकी जागा दाखवायची. चार आठवड्यांना २८ ग्रॅम लागतात, तेव्हा ३० ग्रॅमची एक ट्यूब. परत आलेली प्रत्येक ट्यूब वजन करून घ्यायची. डायरीत 'रोज लावलं' आणि ट्यूबमध्ये १८ ग्रॅम शिल्लक, हे प्रत्येक मलम-चाचणीत घडतं.

लेटेक्सचं कंडोम तेलाने आणि व्हॅसलीनने कमकुवत होऊन फाटतं. चाचणीत नायट्राइल किंवा पॉलियुरेथेनचं कंडोम द्यायचं. त्याखेरीज गर्भनिरोधकाचा दुसरा पक्का उपाय हवा, कारण गर्भारपणात सीबीडी टाळायचंच आहे.

तिसरा गट

खोटं मलमही निव्वळ खोटं नसतं. व्हॅसलीनने घर्षण कमी होतं, लघवीची आणि घामाची झळ लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की जी जागा वर्षानुवर्षं हात लावायला नको वाटायची, तिथे बाई रोज दोनदा स्वतःचं बोट लावते. हा हळूहळू सवय करण्याचा उपचारच झाला. रोचेस्टरच्या ३३ टक्क्यांतला काही भाग बहुधा इथून आला असावा. म्हणून तिसरा गट ठेवायचा, ज्यात कोणतंच मलम नाही. फक्त सगळ्यांना मिळते ती माहिती आणि तेवढ्याच भेटी. वाटणी २:२:१.

दुहेरी अंधपणा (कोणाला खरं मलम मिळालं ते रुग्णालाही आणि डॉक्टरलाही माहीत नसणं) टिकला का, हे विचारायचं दुसऱ्या आठवड्यात. शेवटी विचारलं तर जिला बरं वाटलं ती 'मला खरं मिळालं' म्हणणार, आणि त्यातून काही कळत नाही. सीबीडीने सुरुवातीला जळजळ झाली तर त्यावरूनही ओळख पटू शकते. म्हणून पहिला डोस क्लिनिकमध्ये लावून २० मिनिटं थांबवायचं आणि जळजळ ० ते १० मध्ये लिहून घ्यायची.

मोजायचं काय

मुख्य मोजमाप टॅम्पॉन चाचणीचं: घरी, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, एकाच कंपनीचा एकाच आकाराचा टॅम्पॉन घालून लगेच काढायचा आणि वेदना ० ते १० मध्ये लिहायची. जोडीदार असो वा नसो, हे मोजता येतं. संभोगातली वेदना थेट मोजू गेलं तर जी बाई दुखतं म्हणून संबंधच टाळते तिचा आकडाच मिळत नाही.

नेहमीच्या प्रश्नावलीतही हीच खाच आहे. स्त्रियांच्या लैंगिक आरोग्याच्या १९ प्रश्नांच्या एफएसएफआय या प्रश्नावलीत वेदनेचे ३ प्रश्न आहेत आणि 'गेल्या ४ आठवड्यांत प्रयत्न केला नाही' याला शून्य गुण. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट. चाचणीत बऱ्या झालेल्या पण त्या महिन्यात नवरा परगावी असलेल्या बाईचे गुण घसरतात आणि औषध निकामी ठरतं. ही प्रश्नावली दुय्यम ठेवावी आणि शून्यवाल्या वेगळ्या मोजाव्यात.

निवडीसाठी टॅम्पॉनची वेदना ४ किंवा जास्त लागते. मात्र निवडीचा तो आकडा पायाभूत आकडा म्हणून वापरायचा नाही. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं शिगेला असताना. पुढे ते आपोआप थोडं उतरतं. म्हणून निवडीनंतर २ आठवडे काहीही न देता ४ टॅम्पॉन चाचण्या, आणि त्यांची सरासरी हा पाया. शेवटचा आकडा ९ ते १२ आठवड्यांची सरासरी.

गटांतला १.५ गुणांचा फरक पकडायचा आणि आकड्यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) २.५ धरायचं, तर ८० टक्के शक्तीसाठी, म्हणजे फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची तेवढी शक्यता हवी असेल तर, गटात ४४ जणी लागतात. पाचवा हिस्सा गळेल असं धरून ५५. तिसऱ्या गटात २८, एकूण १३८. फरक १ गुणाचाच पकडायचा म्हटलं तर प्रत्येक मोठ्या गटात गळती सोडून ९८. वीस-पंचवीस जणींचे अभ्यास का पुढे नेत नाहीत, ते या हिशेबात दिसतं.

यकृताची तपासणी सुरुवातीला, ४ आणि १२ आठवड्यांना. त्वचेवरून रक्तात फार थोडं जाईल असा अंदाज असला तरी ४ आठवड्यांच्या रक्तात सीबीडीची पातळी एकदा मोजून टाकावी, नाहीतर 'स्थानिक परिणाम' हा शब्द पुराव्याविना उरतो.

परवानग्या, तिथल्या आणि इथल्या

अमेरिकेत ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेलं हेम्प २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने अमली पदार्थांच्या यादीतून वगळलं. तरी आजारावर तपासायचं म्हणजे औषध प्रशासनाकडे नव्या औषधाच्या संशोधनाचा अर्ज लागतोच. दुकानात मिळतं म्हणून चाचणी करता येते असं नाही.

हीच आखणी पुण्यात किंवा मुंबईत करायची तर औषध नियंत्रकांची परवानगी (२०१९ चे नवे औषध व चाचणी नियम), नोंदणीकृत नैतिकता समिती आणि पहिली स्त्री दाखल होण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस बंदीत येतात, फुलोऱ्याशिवायची पानं येत नाहीत. याच फटीतून 'विजया' नावाने पानांचा अर्क आयुर्वेदिक परवान्यावर विकला जातो. किराणा म्हणून मिळणारं हेम्प सीड ऑइल ही वेगळीच चीज आहे: अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादेनुसार त्यात किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सीबीडी चालत नाही, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये जेमतेम ०.७ मिलिग्रॅम. वरच्या मलमाच्या एका डोसात २५ आहे.

इथे टॅम्पॉन न वापरलेल्या स्त्रियाच जास्त. त्यांना पहिल्यांदाच टॅम्पॉन दिला तर पहिल्या काही आठवड्यांतला आकडा भीतीचा असतो, वेदनेचा नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात लहान मापाचा डायलेटर (योनीत घालायची गुळगुळीत नळी) वापरून एक महिना सराव आणि मगच पायाभूत मोजणी. कंडोम बहुतेक लेटेक्सचीच मिळतात, तेव्हा संबंधाच्या दिवशी मलम लावू नये, असा नियम सोपा पडेल.

निकाल कसा वाचायचा

कोणाला काय मिळालं त्याचं पाकीट फोडण्याआधी हे लिहून नोंदवायचं. सीबीडी मलम प्लासिबो मलमापेक्षा १.५ गुणांनी किंवा जास्त सरस, तर पुढची मोठी चाचणी, आणि त्यात १ टक्का व ५ टक्के अशा दोन ताकदी. दोन्ही मलमं सारखीच आणि मलम न लावणाऱ्या गटापेक्षा सरस, तर गुण व्हॅसलीनचा आणि बोटाचा आहे. तो अगदी स्वस्तात मिळतो, आणि बायकांना तसं स्पष्ट सांगायचं. तिन्ही गट सारखेच उतरले तर भेटी, माहिती आणि काळ यांनी काम केलं. आणि सीबीडी गटात जळजळीमुळे सोडून जाणाऱ्या जास्त निघाल्या, तर उरलेल्यांची सरासरी कितीही देखणी असली तरी सोडून गेलेल्यांचा शेवटचा आकडा हिशेबात धरूनच निकाल छापायचा.